एकोणचाळीस नंबरच्या फाटकावरची शर्यत

मोंतारेलमध्ये ओनोरिन एस्कांद कुठे राहते असं विचारलं, तर निम्मे लोक विचारात पडत. एकोणचाळीस नंबरची बाई म्हटलं की लगेच हात नदीच्या दिशेला जाई. गावातून नदीकडे उतरणारा रस्ता जिथे रेल्वेचा एकेरी मार्ग ओलांडतो, तिथे रुळांना खेटून दोन खोल्यांचं एक घर होतं आणि त्याच्या भिंतीवर निळ्या पाटीत पांढरा आकडा, ३९. ओनोरिनचा जन्म त्याच घरातला. तिची आईही फाटकवालीच. रेल्वेचा रिवाज असा की फाटक बाईकडे द्यायचं आणि तिचा नवरा रुळांची दुरुस्ती करणाऱ्या टोळीवर असायचा. बाईला पगार नावापुरता, पण घर फुकट. ओनोरिननं टोळीतल्या अनातोलशी लग्न केलं तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, हिनं लग्न फाटकाशी लावलंय, नवरा सोबतीला घेतलाय. ओनोरिनला राग आला नाही. त्यात फारसं खोटं नव्हतं.

आधीच्या स्टेशनातून गाडी सुटली की घराच्या भिंतीवरची घंटा वाजे. घंटा झाली की हातातलं काम टाकून उठायचं, रुळांच्या अल्याडचं लोखंडी दार ढकलायचं, रूळ ओलांडून पल्याडचं ढकलायचं, कड्या घालायच्या आणि झेंडी घेऊन उभं राहायचं. तापात, जेवताना, नवऱ्याशी भांडताना. धाकट्या मुलीच्या वेळी कळा सुरू असताना घंटा झाली, तेव्हा दारं सुईणीनं लावली. पण कडी नीट बसली का, हे ओनोरिननं आतून ओरडून दोनदा विचारलं. सासऱ्यांची शवगाडी स्मशानाकडे निघाली तेव्हाही घंटा झाली. पाद्री, नातलग, काळे कपडे घातलेला सारा गाव फाटकाशी थांबला आणि समोरून भली लांब मालगाडी सावकाश गेली. नणंद वर्षभर बोलली नाही. ओनोरिनचं म्हणणं एवढंच की सासऱ्यांना आता कसली घाई होती?

एकोणचाळीस नंबरवर आजवर एक कोंबडीसुद्धा गाडीखाली गेली नव्हती. याच मार्गावरच्या दुसऱ्या एका फाटकावर एक बैलगाडी रेल्वेखाली सापडली होती. ती फाटकवाली महिन्याच्या आत सामानासकट घराबाहेर होती आणि नंतर बाजारात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. ओनोरिन तिला ओळखत होती. घर जाण्याची भीती होतीच, पण ती खाली गेलेली नजर ओनोरिनच्या जास्त लक्षात राहिली.

युद्ध संपून दोन वर्षं झाली आणि मोंतारेलला पुन्हा मोटारींची शर्यत भरवायचं ठरलं. पाव अजून शिधापत्रिकेवर मिळत होता, पेट्रोलला परवाना लागत होता, नदीवरचा पूल नुकता कुठे दुरुस्त झाला होता. पण गाड्या होत्या. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून गवताच्या गंजीखाली, दारूच्या तळघरात, एक तर म्हणे चर्चच्या सरपणाच्या खोलीत लपवलेल्या गाड्या बाहेर आल्या. आता त्यांना धावायचं होतं आणि लोकांना त्या धावताना बघायच्या होत्या.

शर्यतीचा सगळा भार औषधांचं दुकान चालवणाऱ्या कास्ताने साहेबांवर होता. ते गावच्या मोटार मंडळाचे अध्यक्ष. शर्यतीचा रस्ता गावातून निघून नदीकडे उतरत होता आणि फाटक ओलांडून कारखान्याला वळसा घालून पुन्हा गावात येत होता. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात कास्ताने फाटकावर आले.

"मादाम एस्कांद, रविवारी तुम्ही बहिणीकडे जा. मंडळाच्या वतीनं टांग्याची सोय करतो."

"का? बहीण आजारी आहे का?"

"अहो, तुमच्या स्वयंपाकघरापासून हातभर अंतरावरून गाड्या जाणार. चाक निखळलं, काही झालं, तर जबाबदारी कोणाची? आणि ही दारं बिजागऱ्यांवरून काढून ठेवावी लागतील."

"दारं निघणार नाहीत," ओनोरिन म्हणाली. "दोरीनं मागे बांधा, पुढे गवताचे भारे लावा. आणि मी फाटक सोडून गेले तर नोकरी सोडून गेले असं होतं, साहेब. तुम्ही शर्यत असली की दुकान उघडं टाकून जाता का?"

"जातो की," कास्ताने म्हणाले. "रविवारी बंदच असतं."

मागे बाकावर बसलेला अनातोल मोठ्यानं हसला. रूळ बदलताना त्याचा पाय चेंगरला होता. आता गुडघ्याखाली लाकूड होतं आणि टोळीऐवजी तो घरी बसून टोपल्या विणत असे. हसण्यात त्याला कोणाची बाजू घ्यायची नसे.

शेवटी ठरलं ते असं: दारं मागे बांधायची, ओनोरिन आणि अनातोल घरातच राहणार, एक पोलीस शिपाई शर्यतीचा टेलिफोन घेऊन फाटकावर बसणार. रेल्वेनं दुपारभर मार्ग मोकळा ठेवायचं कबूल केलं. पाचच्या सुमारास संध्याकाळची गाडी नेहमीप्रमाणे येईल; शर्यत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असेल. रुळांमधल्या ओकच्या फळ्या अनातोलच्या जुन्या सोबत्यांनी नव्यानं बसवल्या. सरावाच्या दिवशी फाटकावरचा उंचवटा आला की गाड्यांची चारही चाकं जमीन सोडत. एक निळी गाडी तेवढी दरवेळी थोडी हळू होई.

"शहाणा आहे तो," अनातोल म्हणाला.

"भित्रा आहे," पोलीस शिपाई प्यूजोल म्हणाला.

"फळ्या चांगल्या बसल्यात," ओनोरिन म्हणाली. तिचं लक्ष तेवढ्यावरच होतं.

रविवारी आमदार आले. आमदार आले म्हणजे जेवण आलं, आणि इतक्या वर्षांच्या उपासमारीनंतर मोंतारेलनं जेवण घातलं ते साधं घातलं नाही. आधी सूप, मग मासे, मग घेवड्यात शिजवलेलं बदक. बदकानंतर आमदार भाषणाला उठले. चीज यायचं होतं. शर्यत सुरू करण्याची झेंडी आमदारांच्या हातून पडायची होती, त्यामुळे गाड्या ओळीत उभ्या राहून उन्हात तापत होत्या आणि चालक मडगार्डवर बसून सिगारेटी ओढत होते. आमदारांना मध्येच उठवायचं ही कल्पना कोणाच्या डोक्यातसुद्धा आली नाही. त्या मुलखात जेवणातून माणसाला आग लागल्याशिवाय उठवत नाहीत.

झेंडी पडली तेव्हा तासाहून जास्त उशीर झाला होता.

पहिला फेरा फाटकावरून गेला तेव्हा घरातल्या बशा मांडणीवर वाजल्या. कोंबड्या लाकडांच्या ढिगामागे गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. ओनोरिन दाराशी उभी होती. बघताबघता सहा-सात फेरे झाले आणि तिनं प्यूजोलकडे वळून विचारलं, "हे पाचच्या आत संपतंय का?"

"उशिरा सुरू झालं, उशिरा संपेल."

"मग पाचच्या गाडीचं काय?"

"स्टेशनला कळवलं असेल ना, बाई."

"कोणी?"

प्यूजोलनं टेलिफोनचा दांडा फिरवला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, कास्ताने साहेब मंडपात आहेत, आमदारांपाशी. आणि रेल्वेचं म्हणाल तर रेल्वेवाल्यांना शर्यतीचा आवाज ऐकू येतोच की. रेल्वेच्या लोकांना मात्र आवाज ऐकू येत नव्हता. आधीचं स्टेशन टेकडीच्या पलीकडे होतं आणि तिथल्या मास्तरांच्या हिशेबी शर्यत केव्हाच संपली होती. फाटकावरून स्टेशनला जाणारी टेलिफोनची तार युद्धात तुटली, ती अजून जोडली नव्हती. फक्त घंटा चालू होती, आणि ती एकाच बाजूनं बोलत असे.

"परत लावा," ओनोरिन म्हणाली. "म्हणावं, कास्ताने साहेबांनाच बोलवा."

कास्ताने आले, पण मंडपातून टेलिफोनपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. मागे बँड वाजत होता. प्यूजोल टेलिफोनमध्ये ओरडून बोलत होता. मग त्यानं ऐकलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, थोडेच फेरे उरलेत, तोवर गाडी धरून ठेवा."

"धरून ठेवा? गाडी म्हणजे शेळी आहे का?" अनातोल म्हणाला.

आणि तेवढ्यात भिंतीवरची घंटा वाजली.

पुढे जे झालं ते ओनोरिननं स्वतःहून गावात कधी कोणाला सांगितलं नाही. अनातोल सांगत असे, तेही ती जवळ नसताना. घंटा झाली आणि ओनोरिन उठली. अल्याडच्या दाराची दोरी तिनं सोडली आणि दार ढकललं. हे करताना तिनं विचार केला नव्हता. इतकी वर्षं घंटा आणि हात यांच्यामध्ये विचार कधी आलाच नव्हता. दार गवताच्या भाऱ्यावर घासत अर्ध्या रस्त्यापर्यंत आलं आणि वरच्या वळणातून लाल गाडी सुटली. प्यूजोलनं ओनोरिनला कमरेत धरून मागे खेचलं. अनातोल एका पायावर उडी मारून दारावर पडला आणि त्याच्या वजनानं दार मागे गेलं. लाल गाडी दोघांच्या अंगावर धूळ उडवून फळ्यांवरून उडाली.

"मरायचंय का, बाई!" प्यूजोलचा आवाज चिरकला. "त्यालाही मारलं असतंत!"

ओनोरिन रुळांकडे बघत होती. घंटा झाल्यापासून गाडी फाटकावर यायला एक सिगारेट निवांत ओढून होईल इतका वेळ लागतो. त्यातला थोडा गेला होता. दार लावावं तर मोटारी दारावर आदळणार. उघडं ठेवावं तर गाडी मोटारींवर येणार. तिसरं काय, हे तिला आईनं सात वर्षांची असताना शिकवलं होतं, आणि तिनं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. फाटकावर काही अडकून पडलं, हलत नसलं, तर गाडीला सामोरं जाऊन गाडी थांबवायची.

घरात दाराजवळच्या खिळ्याला लाल झेंडी आणि रुळावर लावायच्या, चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणाऱ्या फटाक्यांची पत्र्याची डबी असे. तिनं दोन्ही घेतलं.

"अडथळा कुठेय पण?" अनातोल म्हणाला. "अडथळ्याशिवाय गाडी थांबवलीस तर घर जाईल, ओनोरिन."

"हे काय आहे मग?" तिनं रस्त्याकडे हात केला. दोन गाड्या पाठोपाठ गेल्या आणि तिचं पुढचं वाक्य त्यांच्या आवाजात बुडालं. मग ती म्हणाली, "दाराला हात लावू नकोस. शर्यत संपली की फाटकाचं शिंग तीनदा वाजव. तीनदा. आधी नको."

तिनं लाकडी बूट उंबऱ्यात काढले आणि रुळांवरून निघाली.

ओनोरिन पन्नाशीला आलेली, अंगानं भरलेली बाई होती. धावणं तिनं शाळेतच सोडलं होतं. खडीवर लोकरीच्या मोज्यांनी पळता येत नाही. तिनं रुळांखालच्या एका आडव्या लाकडावरून दुसऱ्यावर पाय टाकत धाव घेतली, परकर एका हातात, झेंडी आणि डबी दुसऱ्यात. पुढे ओकच्या झाडांत रूळ खिंडीत वळतात. वळणाच्या अलीकडे गाडी थांबवण्यात अर्थ नव्हता. चालकाला ती दिसेपर्यंत तो फाटकावर असता. ती वळणात शिरली, वळणाच्या पलीकडे गेली, आणि रुळाचा कंप पायाखाली जाणवला तेव्हा थांबली. पहिला फटाका रुळावरून घसरला, तो तिनं पुन्हा बसवला. दुसरा नीट बसला. मग ती रुळांच्या मधोमध उभी राहिली आणि झेंडी डोक्यावर धरली.

संध्याकाळची गाडी म्हणजे डिझेलवर चालणारा एकच मोठा डबा. चालक रिबेरोल या मार्गावर युद्धाच्या आधीपासून होता. फटाके एकामागून एक फुटले, ब्रेक किंचाळले आणि डबा ओनोरिनच्या इतक्या जवळ येऊन थांबला की तिला त्याच्या पुढच्या जाळीची ऊब लागली. ती बाजूला झाली नव्हती.

रिबेरोलनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो घामानं भिजला होता.

"काय झालं, ओनोरिनबाई? गाय आली का?"

"शर्यत."

"शर्यत? ती चारलाच संपणार होती ना?"

"जेवण लांबलं."

मागच्या खिडकीतून टोपलीत बदकं घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय होतं जेवायला?"

"बदक. घेवड्यातलं."

"मग बरोबर आहे," म्हातारी म्हणाली आणि डब्यातल्या लोकांना तसं सांगितलं. डब्यात कोणी तक्रार केली नाही. उलट लोक एकेक करून खाली उतरले आणि खिंडीच्या कडेनं वर चढले. वरून झाडांच्या फटीतून रस्त्याचा तुकडा दिसत होता. कोणी बाटली काढली, कोणी सॉसेज कापलं.

रिबेरोल मात्र उतरला नाही. गाडीला उशीर ही त्याच्या दृष्टीनं त्याची नाचक्की होती.

"हळूहळू फाटकापर्यंत घेतो," तो म्हणाला. "तिथे थांबतो. निदान शर्यत संपलेली दिसेल तरी."

"नाही."

"अहो, चालत्या माणसाच्या वेगानं येतो!"

"फाटक माझं आहे, रिबेरोल. मी सांगेपर्यंत चाक हलणार नाही."

"मला वर सांगावं लागेल. विनाकारण गाडी अडवली म्हणून."

"सांगा. नाव नीट सांगा. एस्कांद. एकोणचाळीस."

रिबेरोलनं खिडकी वर केली. मग दोन मिनिटांनी पुन्हा खाली केली आणि तिच्या पायांकडे बघितलं. मोजे फाटले होते, एका टाचेतून रक्त येत होतं. त्यानं आतून आपली पाण्याची बाटली तिच्याकडे दिली. ती प्यायली, पण झेंडी खाली घेतली नाही.

वरून लोक ओरडत होते. "लाल पुढे! लाल पुढे! नाही, निळी! निळीनं वळणात गाठली!" शर्यतीतला शेवटचा, सगळ्यात थरारक भाग चालू होता. लाल गाडी उंचवट्यावर फार उंच उडाली, वाकडी उतरली आणि भाऱ्यांत घुसून पुन्हा रस्त्यावर आली. तेवढ्यात जी निळी गाडी फाटकावर दरवेळी हळू होत असे ती सरळ पुढे निघून गेली. ओनोरिनला हे सगळं पाठीमागून ऐकू येत होतं. तिनं वळून बघितलं नाही. झेंडी धरलेल्या माणसानं चालकाकडे बघायचं असतं.

बऱ्याच वेळानं शिंग वाजलं. एकदा, दोनदा. ओनोरिन थांबली. तिसऱ्यांदा.

"चला आता," ती म्हणाली. "माझ्या मागे. माझ्या पुढे नाही."

लोक धावत येऊन डब्यात चढले. ओनोरिन रुळांवरून झेंडी घेऊन पुढे चालली आणि तिच्या मागे तो डबा माणसाच्या चालीनं आला. खिंडीतून बाहेर पडल्यावर फाटक दिसलं. दोन्ही बाजूंना गर्दी जमली होती. ओनोरिन थेट दाराशी गेली, अल्याडचं दार ढकललं, रूळ ओलांडले, पल्याडचं ढकललं. दोन्ही कड्या हातानं हलवून बघितल्या.

तेवढ्यात वरच्या वळणातून जिंकलेली निळी गाडी आली. विजयाची फेरी होती. चालकाच्या गळ्यात फुलांचा हार, आणि मागच्या बाजूला चषक मांडीवर घेऊन कास्ताने साहेब बसलेले. गाडी बंद दारापाशी थांबली. शर्यतीच्या मोटारीचं इंजिन थांबून राहायला बनलेलं नसतं. ते दोनदा खोकललं आणि बंद पडलं.

"मादाम! काय हे! उघडा, उघडा!" कास्ताने ओरडले.

"बंद आहे," ओनोरिन म्हणाली.

चालकानं चष्मा कपाळावर सरकवला. धुळीनं काळा झालेला चेहरा, डोळ्यांभोवती तेवढी पांढरी वर्तुळं. त्यानं एकदा रुळांवर उभ्या डब्याकडे बघितलं, एकदा रक्ताळलेल्या मोज्यांकडे. "मगाशी मी जात होतो तेव्हा ही गाडी कुठे होती?" त्यानं विचारलं.

"मागे. वळणात."

"कोणी थांबवली?"

प्यूजोलनं नुसतं बोट दाखवलं. चालक गाडीतून उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. कास्ताने काही बोलणार होते, पण त्याला उभं बघून तेही उतरले. रिबेरोलनं भोंगा दिला. डबा फळ्यांवरून सावकाश गेला, खिडक्याखिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते, मोटारीसाठी की कोणासाठी, कळायला मार्ग नव्हता. म्हातारीनं बदकांच्या टोपलीसकट हात हलवला. ओनोरिन झेंडी गुंडाळून, पाठ ताठ करून उभी होती. तिची मान त्या वेळी जितकी वर होती तितकी मी आजवर कोणाची पाहिली नाही, असं प्यूजोल पुढे निवृत्त झाल्यावरसुद्धा सांगत असे. डबा दिसेनासा झाला तेव्हा तिनं दारं उघडली. मोटार ढकलून सुरू करावी लागली. प्यूजोल, कास्ताने आणि अर्धा गाव लागला.

रेल्वेच्या मोठ्या कचेरीतून साहेब चौकशीला आले. रिबेरोलनं वर सांगितलं होतं, नावही नीट सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, अडथळा काय होता? ओनोरिन म्हणाली, सोळा मोटारी. साहेबांनी विचारलं, उशीर होणार हे आधी दिसलं होतं तर आधी का नाही थांबवली? तिनं सांगितलं, घंटा होईपर्यंत कोणीतरी कळवेल असं वाटलं. तेवढी चूक झाली. दार ढकललं त्याबद्दल साहेबांनी विचारलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं तेही सांगितलं. अनातोलनं कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी वही मिटली, चहा नको म्हणून सांगितलं आणि ते गेले. घर राहिलं. टेलिफोनची तार त्याच महिन्यात जोडून मिळाली.

दुसऱ्या वर्षी वसंतात कास्ताने पुन्हा फाटकावर आले. या वेळी टोपी हातात होती.

"शर्यत किती वाजता ठेवावी, म्हणून विचारायला आलो."

"मला काय विचारता? स्टेशनमास्तरांना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, एकोणचाळीसला विचारा."

ओनोरिन वाटाणे सोलत होती. तिनं हातातली शेंग संपवली.

"आमदार येणार आहेत का?"

"येणार."

"मग दोनला सुरू करा," ती म्हणाली, "आणि बदक रात्री घाला."

त्या वर्षी बदक रात्री झालं, आणि आमदारांनी झेंडी उपाशीपोटी टाकली.